पाण्यात म्हैस, वर मोल
(अमेरिकन कॉमिक्सची आगामी यादी आणि आपलं पाचशे रुपयांचं बजेट)

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली आहे. शाळेत मराठी आठवड्यातून तीन तास, तेही पीटीच्या आधी. तेव्हा भाषेच्या बाबतीत जरा सांभाळून घ्या.

विषय कॉमिक्सचा आहे. बॅटमॅन आणि सुपरमॅनच्या मारामारीत कोण जिंकेल हा वाद मेसमध्ये रोज चालतो, त्यात मी पडत नाही. माझा विषय त्याच्या आधीचा आहे. अंक दुकानात येण्याच्या साधारण तीन महिने आधी त्याची जी यादी येते, ती वाचायची कशी? कारण यादी वाचणं फुकट असतं आणि अंक फुकट नसतो. महिन्याच्या वीस तारखेनंतर हॉस्टेलवर राहणाऱ्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

तर अमेरिकेत पद्धत अशी. मार्व्हल, डीसी, इमेज, डार्क हॉर्स वगैरे प्रकाशक दर महिन्याला आपापली यादी जाहीर करतात. मे महिन्यात यादी वाचली तर त्यात ऑगस्टचे अंक दिसतात. प्रत्येक अंकाला एक छोटी नोंद असते: नाव, अंक क्रमांक, लेखक, चित्रकार, कव्हरचं चित्र, पानं, किंमत, विक्रीची तारीख आणि दोन-चार ओळींची चमचमीत जाहिरात. या नोंदीला तिकडे ‘सॉलिसिटेशन’ म्हणतात. गंमत म्हणजे ही नोंद वाचकाच्या हाती पडते तेव्हा तो अंक बऱ्याचदा पुरा झालेलाच नसतो. कव्हर तयार असतं, कथा अर्धी लिहून झालेली असते आणि चित्रकार बिचारा सातव्या पानावर असतो. आपल्याकडे याला फार छान म्हण आहे, ‘पाण्यात म्हैस, वर मोल’. म्हैस डुंबतेय, शिंगं तेवढी वर दिसतायत, आणि काठावर सौदा सुरू!

आता आधी किंमत बघू, म्हणजे सौदा केवढ्याचा आहे ते कळेल. सुपरमॅन ज्या अंकात पहिल्यांदा आला तो १९३८ चा ‘ॲक्शन कॉमिक्स’ क्रमांक १, किंमत १० सेंट. १९६२ मध्ये स्पायडरमॅन पहिल्यांदा आला तो अंक १२ सेंटला. म्हणजे चोवीस वर्षांत फक्त दोन सेंटची वाढ. आज साधा अंक ३.९९ किंवा ४.९९ डॉलरला आहे. डॉलरला ८५ रुपये धरले तरी ३.९९ म्हणजे ३३९ रुपये झाले. त्यात मार्व्हल-डीसीच्या नेहमीच्या अंकात कथेची पानं किती? वीसच्या आसपास. बाकी जाहिराती. म्हणजे पानाला सतरा रुपये! आपल्या झेरॉक्सवाल्या काकांनी हा रेट ऐकला तर ते दुकान बंद करून कॉमिक्स काढायला बसतील. आणि वाचायला लागतात पंधरा मिनिटं. चहा निवायच्या आत संपतं.

बरं, किंमत वाढली ती नुसती महागाईमुळे नाही. पूर्वी कॉमिक्स औषधांच्या दुकानात, वाण्याकडे, नाक्यावरच्या पेपर स्टॉलवर विकली जायची आणि छापली जायची लाखांनी. आता ती मुख्यतः खास कॉमिक्सच्या दुकानांतून विकली जातात आणि बऱ्याचशा मालिकांचा खप हजारांत मोजतात. खप कमी म्हणून अंक महाग, आणि अंक महाग म्हणून खप कमी.

आता मुख्य प्रश्न. तीन महिने आधी यादी काढायचं कारणच काय? अंक छापा, दुकानात ठेवा, ज्याला हवा तो घेईल. आपल्याकडे मासिकांचं असंच असतं ना?

याचं उत्तर १९७३ च्या आसपास सापडतं. तोवर स्टॉलवरचा न विकलेला अंक परत करता यायचा. परत म्हणजे काय, तर कव्हर किंवा त्याचा वरचा भाग फाडून पाठवायचा आणि पैसे घ्यायचे. प्रकाशक लाखो अंक छापायचे, त्यातले ढीगभर परतीत जायचे. पेपर स्टॉलवाल्याला कॉमिक्सचं काडीचं कौतुक नव्हतं. कुठला अंक येईल, येईल का नाही, याची वाचकाला काही खात्री नसायची. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये फिल सूलिंग नावाचे इंग्रजीचे शिक्षक होते. ते कॉमिक्सची संमेलनं भरवायचे. त्यांनी प्रकाशकांना सरळ प्रस्ताव दिला: मी अंक थेट तुमच्याकडून विकत घेतो, मला सवलत जास्त द्या, त्या बदल्यात मी एकही अंक परत करणार नाही. प्रकाशकांना हे सोन्याहून पिवळं वाटलं. यातून जी व्यवस्था उभी राहिली तिला ‘डायरेक्ट मार्केट’ म्हणतात.

ही व्यवस्था समजली की यादी समजली. दुकानदार माल परत करू शकत नसेल तर तो किती घ्यायचा हे त्याला आधीच ठरवावं लागतं. ठरवण्यासाठी त्याला माहिती लागते. ती माहिती म्हणजेच सॉलिसिटेशन. आपल्याकडे दिवाळी अंकांची आगाऊ नोंदणी होते, सवलतीत संच बुक करतात, ते आठवा. फक्त इथे ही नोंदणी वर्षातून एकदा नसून दर महिन्याला, शेकडो नावांची, आणि चुकलं तर गठ्ठा दुकानदाराच्या गळ्यात.

यातली एक गोष्ट माझ्या मते फार महत्त्वाची आहे. वाचकासाठी म्हणून जी यादी आपण कौतुकाने चाळतो, ती मुळात वाचकासाठी नाहीच. ती दुकानदारासाठी आहे. धोका प्रकाशकाकडून निघून दुकानदाराकडे आला. दुकानदार हुशार. त्याने तो वाचकाकडे सरकवला. कसा? ‘पुल लिस्ट’ नावाची सोय करून. तुम्ही दुकानात नाव नोंदवायचं, मला अमुक अमुक मालिका हव्यात म्हणून. दुकानदार तुमच्या नावाचा कप्पा करतो, दर बुधवारी (नवे अंक यायचा तिथला वार बुधवार) त्यात अंक टाकून ठेवतो. तुम्ही यायचं आणि पैसे देऊन न्यायचं. छान वाटतं, आपला कप्पा, आपलं नाव! पण अर्थ इतकाच की न बघितलेल्या अंकाची हमी आता तुम्ही दिलीत.

मध्ये एक शेवटची तारीख असते, ‘फायनल ऑर्डर कटऑफ’. अंक दुकानात येण्याच्या साधारण तीन-चार आठवडे आधीची ही तारीख. तोपर्यंत दुकानदार आकडा कमी-जास्त करू शकतो. आपल्या इलेक्टिव्हच्या फॉर्मसारखं. त्यानंतर जे लिहिलंय ते लिहिलंय.

आता जरा हिशोब मांडा. पहिला अंक दुकानात येतो, त्याच सुमारास दुसऱ्या अंकाची शेवटची तारीख आलेली असते. तिसरा अंक यादीत येऊन गेलेला असतो. चौथ्याची जाहिरात लागलेली असते. म्हणजे मालिका लोकांना आवडली का, हे कळायच्या आत दुकानदाराने तीन-चार अंकांचं काहीतरी ठरवलेलं असतं. कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर ज्यांनी दिलाय (किंवा पुन्हा देणार आहेत!) त्यांच्या लक्षात आलं असेल, फीडबॅक आहे पण त्याला डेड टाइम आहे. आणि डेड टाइम असलेली लूप काय करते ते सरांनी बोर्डवर काढून दाखवलंय. ती डोलायला लागते.

ही लूप १९९० च्या दशकात अशी काही डोलली की विचारू नका. १९९१ मध्ये ‘एक्स-फोर्स’चा पहिला अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत आला, आत पाच वेगवेगळ्या कार्डांपैकी एक. पाचही कार्डं हवी असतील तर एकच अंक पाचदा घ्या! ५० लाखांच्या आसपास प्रती गेल्या. त्याच वर्षी ‘एक्स-मेन’चा पहिला अंक पाच निरनिराळ्या कव्हरांनी निघाला आणि ८० लाखांहून जास्त प्रतींची ऑर्डर आली. हा विक्रम गिनीज बुकात आहे. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये सुपरमॅन मेला (काळजी नको, परत आला), तो अंक काळ्या पिशवीत, सोबत दंडाला बांधायची काळी फीत. लोकांनी रांगा लावल्या. हे अंक पुढे लाखोंना विकले जातील, मुलांची कॉलेजची फी निघेल, असं लोकांना वाटत होतं. पण ८० लाख लोकांकडे जी वस्तू आहे ती दुर्मिळ कशी होणार? आणि ८० लाख प्रती दुकानदारांनी घेतल्या होत्या, वाचकांनी नव्हे. उरलेले गठ्ठे परत करता येत नव्हते. काही वर्षांत हजारो दुकानं बंद पडली आणि १९९६ च्या डिसेंबरमध्ये खुद्द मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यातले कितीतरी अंक आजही तिकडे जुन्या मालाच्या खोक्यात एक-दोन डॉलरला मिळतात.

म्हणून यादीत पहिली ओळ वाचताना मी एकच गोष्ट शोधते: ‘व्हेरिएंट कव्हर’ किती आहेत. आतला मजकूर तोच, बाहेरचं चित्र वेगळं. कधी ‘१:२५’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे दुकानदाराने साध्या पंचवीस प्रती घेतल्या तर त्याला हे खास कव्हर एक मिळेल. दुकानदार मग ते चढ्या भावाने विकतो आणि न खपलेल्या साध्या प्रतींचा खर्च भरून काढतो. एका अंकाला दहा-पंधरा कव्हरं दिसली की समजायचं, इथे आकडा फुगवायचं काम चाललंय. कथा वाईट असेल असं नाही. पण तो आकडा बघून ‘सगळे घेतायत, आपणही घेऊ’ असं म्हणू नये.

दुसरी ओळ लोकांची. यादीत कंसात अक्षरं असतात: डब्ल्यू म्हणजे लेखक, ए म्हणजे आतला चित्रकार, सीए म्हणजे कव्हरचा चित्रकार. नवा वाचक इथेच फसतो. कव्हर एवढं देखणं की खिशातून पैसे आपोआप बाहेर येतात, आणि आत वेगळ्याच माणसाने घाईत काढलेली वीस पानं. माझ्या मते नोंदीतलं सगळ्यात उपयोगी अक्षर ‘ए’ आहे. त्यापुढे दोन-तीन चित्रकारांची नावं असतील तर बहुधा एकाला वेळेत जमलेलं नाही आणि उरलेले मदतीला धावलेत. चार जणांनी वाटून लिहिलेलं जर्नल बघितलंय ना? तसंच.

तिसरी गोष्ट क्रमांक. ‘१ (एकूण ५)’ असं असेल तर पाच अंकांत गोष्ट संपणार, बजेट आधीच कळतं: पाच गुणिले ३.९९, साधारण वीस डॉलर. नुसतं ‘१’ असेल तर ती कधी संपेल हे प्रकाशकालाही माहीत नसतं. आणि ‘१’ म्हणजे नवीन कोरं, असं अजिबात नाही. पहिला अंक सगळ्यात जास्त खपतो म्हणून जुन्याच मालिका बंद करून पुन्हा एकपासून सुरू करतात. मार्व्हलचा यात हात धरणारा कोणी नाही.

राहिली जाहिरातीची भाषा. ‘यानंतर काहीच पूर्वीसारखं राहणार नाही’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय, आणि प्रत्येक वेळी सगळं अगदी पूर्वीसारखं राहिलेलं आहे. ती ओळ सोडून द्यावी. मात्र त्या चार ओळींत कथा काय आहे हे एका वाक्यात सांगितलं असेल तर तो शुभशकुन मानते. लेखकाला निदान स्वतःला माहीत आहे.

तारखेवर विश्वास किती ठेवायचा? कमी. केव्हिन स्मिथ हे सिनेमावाले लेखक. त्यांच्या स्पायडरमॅन आणि ब्लॅक कॅटच्या मालिकेचे तीन अंक २००२ मध्ये आले आणि चौथा यायला तीन वर्षांहून जास्त लागली. त्यांच्याच ‘डेअरडेव्हिल : द टार्गेट’चा पहिला अंक २००२ मध्ये आला. दुसरा अजून यायचाय. ॲलन मूर हे तर या क्षेत्रातले भीष्माचार्य, पण त्यांच्या १९९० च्या ‘बिग नंबर्स’चे बारापैकी दोनच अंक छापले गेले. ज्यांनी पहिल्या अंकाला पैसे मोजले त्यांच्याकडे आज अर्धीही गोष्ट नाही.

यादी उशीर लपवते, हे झालंच. पण एकदा यादी चक्क खोटं बोलली आणि मला ते फार आवडलं. रॉबर्ट कर्कमन यांची ‘द वॉकिंग डेड’ ही मालिका २००३ पासून चालू होती. २०१९ च्या जुलैमध्ये १९३ वा अंक आला, आणि तोच शेवटचा होता! कोणालाच कल्पना नव्हती. कारण पुढच्या अंकांची कव्हरं काढून, नोंदी लिहून त्यांनी यादीत टाकलेली होती. ते अंक कधी निघणारच नव्हते. तीन महिने आधी सगळं सांगून टाकणाऱ्या धंद्यात वाचकाला धक्का द्यायचा तर दुसरा मार्गच नव्हता. वर त्या शेवटच्या जाड अंकाची किंमतही नेहमीचीच, ३.९९ ठेवली.

याच मालिकेची सुरुवात जास्त सांगण्यासारखी आहे. २००३ च्या ऑक्टोबरमधला पहिला अंक कृष्णधवल, आणि छापला गेला फक्त ७,३०० च्या आसपास, कारण दुकानदारांची मागणीच तेवढी होती. पुढे टीव्ही मालिका आली, जगभर नाव झालं, आणि तो २.९५ डॉलरचा अंक आता चांगल्या स्थितीत असेल तर हजारो डॉलरला जातो. पण किमतीचं सोडा. ७,३०० हा आकडा बघा. आपल्या विद्यापीठाच्या एका परीक्षेला याहून जास्त मुलं बसतात. एवढ्या लोकांनी, यादीतली चार ओळींची नोंद वाचून, न बघितलेल्या अंकासाठी हो म्हटलं, म्हणून पुढचे १९२ अंक निघू शकले.

इथे आपल्या बजेटचा खरा पेच सुरू होतो.

पैसे वाचवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे थांबणं. सुटे पाच-सहा अंक झाले की प्रकाशक ते एकत्र करून पुस्तक काढतो. तिकडे त्याला ‘ट्रेड’ म्हणतात. इमेजची ‘सागा’ ही मालिका घ्या. ब्रायन व्हॉन लेखक, फिओना स्टेपल्स चित्रकार, २०१२ मध्ये सुरू झाली. पहिले सहा अंक २.९९ च्या हिशोबाने १७.९४ डॉलरचे. तेच सहा अंक त्याच वर्षी पुस्तकात ९.९९ ला. जवळजवळ निम्मे पैसे, जाहिराती नाहीत, दर महिन्याला ‘क्रमशः’चा छळ नाही. वर, गोष्ट बरी आहे का हे तोपर्यंत चारचौघांकडून कळलेलं असतं. म्हैस पाण्यातून बाहेर आलेली, दूध किती देते ते दिसतंय. शहाण्या माणसाने थांबावं, असंच कोणीही म्हणेल.

पण सगळेच शहाणे निघाले तर? सुट्या अंकांच्या ऑर्डरवर मालिका जगते. इमेजसारख्या ठिकाणी तर लेखक-चित्रकाराला पानामागे पगार नसतो, अंक खपला तर खर्च जाऊन उरेल ते त्यांचं. सहाही अंक निघाले नाहीत तर पुस्तक कशाचं काढणार? बॅटमॅन काही बंद पडत नाही, त्याच्यासाठी खुशाल थांबा. नवीन माणसाची नवीन मालिका मात्र आपण थांबलो म्हणून मरू शकते, आणि तिचा यादीतला मृत्यू अगदी शांत असतो. चौथ्या अंकानंतर पाचव्याची नोंद येत नाही, एवढंच.

हाच मुद्दा मला लॅनवर आणि पेन ड्राइव्हवर फिरणाऱ्या स्कॅन्सबद्दल सांगायचा होता. प्रवचन देत नाही, वॉर्डन मॅडम आहेत त्यासाठी. पण या धंद्यात मोजणी आधी होते आणि वाचन नंतर. स्कॅन वाचणारा माणूस कितीही मोठा फॅन असो, त्या मोजणीत तो शून्य असतो. त्याची आवडती मालिका बंद झाली की सगळ्यात जास्त आरडाओरडा पुन्हा तोच करतो.

तर मग मधला मार्ग काय? अमेरिकेत आठवड्याला दहा डॉलर खर्चू शकणारा विद्यार्थी असेल तर त्याने महिन्याचे चाळीस डॉलर कसे वाटावेत, याचं माझं गणित असं: एक किंवा दोन छोट्या, नव्या, मर्यादित अंकांच्या मालिका सुट्या घ्याव्यात, आणि त्या शेवटच्या तारखेआधी दुकानात सांगून घ्याव्यात, कारण नंतर येऊन शेल्फवरून उचललेली प्रत दुकानदाराने आधीच धोका पत्करून आणलेली असते. मोठ्या नावांसाठी थांबावं. मार्व्हलचं तर वाचनालयासारखं ॲप आहे, २००७ पासून, सध्या महिन्याला ९.९९ डॉलर. दुकानात आल्यानंतर साधारण तीन महिन्यांनी अंक तिथे येतो. म्हणजे यादीनंतर तीन महिन्यांनी दुकानात, आणि दुकानानंतर तीन महिन्यांनी ॲपवर. सहा महिने धीर धरला तर अडीच अंकांच्या पैशात अख्खा महिना वाचा.

मधूनच यादीत स्वस्ताई येते, तिच्यावर लक्ष ठेवावं. २००२ मध्ये डीसीने बॅटमॅनचा एक अंक चक्क १० सेंटला काढला होता, मार्व्हलने त्याच वर्षी ‘फँटॅस्टिक फोर’ ९ सेंटला! त्याच वर्षापासून मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी दुकानांत फुकट अंक वाटायची प्रथाही सुरू झाली. आणि २०२४ पासून डीसीने ‘कॉम्पॅक्ट’ नावाची छोट्या आकाराची मालिका काढली आहे, पुस्तक ९.९९ डॉलरला. त्यात ‘वॉचमेन’ आहे. १९८६-८७ मध्ये ‘वॉचमेन’चे बारा अंक सुटे घेतले असते तर दीड डॉलरप्रमाणे १८ डॉलर लागले असते. म्हणजे अडतीस वर्षांनी तीच गोष्ट जवळपास निम्म्या किमतीत. जगात आणखी कुठली वस्तू अशी स्वस्त झालीय? (सेमीकंडक्टर सोडून. ईएनटीसीवाल्यांनी हात खाली करा.)

यादी चाळायची तर ती मिळते कुठे, हाही आता प्रश्न झाला आहे. पूर्वी सोपं होतं. बॉल्टिमोरजवळची डायमंड नावाची वितरण कंपनी १९८२ पासून होती, आणि १९९७ नंतर जवळपास सगळ्या मोठ्या प्रकाशकांचा माल तिच्याकडूनच यायचा. तिचा ‘प्रीव्ह्यूज’ नावाचा टेलिफोन डिरेक्टरीएवढा जाड कॅटलॉग दर महिन्याला निघायचा. पाचशे पानं पालथी घातली की जगात काय येतंय ते समजलं. मग २०२० च्या एप्रिलमध्ये करोनामुळे डायमंडने नवे अंक पाठवणंच थांबवलं. एकाच पाइपमधून सगळं पाणी येत असेल आणि तो पाइपच बंद पडला तर काय होतं, हे सगळ्यांना दिसलं. जूनमध्ये डीसी सोडून गेली, २०२१ च्या ऑक्टोबरपासून मार्व्हल पेंग्विन रँडम हाउसकडे गेली, आणि २०२५ च्या जानेवारीत डायमंडने दिवाळखोरीचा अर्ज केला. सगळ्यात हाल झाले छोट्या प्रकाशकांचे. त्यांचा माल डायमंडच्या गोदामात नुसता ठेवायला दिलेला होता, विकला गेला की पैसे मिळणार होते. तो माल नक्की कोणाचा, यावरून कोर्टात भांडण लागलं. डायरेक्ट मार्केटमध्ये धोका खाली सरकत सरकत वाचकापर्यंत येतो, असं मी वर म्हटलं. तो कधीकधी असा वरही चढतो आणि ज्याने पुस्तक काढलं त्याच्याच डोक्यावर बसतो.

त्यामुळे आज एक जाडजूड कॅटलॉग चाळून भागत नाही. प्रकाशकागणिक वेगळी यादी बघावी लागते. मोठ्यांच्या याद्या आपोआप दिसतात, छोट्यांच्या शोधाव्या लागतात. आणि कमी बजेटवाल्याला खरी मजा छोट्यांमध्येच असते.

आता आपल्याकडचं. अमेरिकेतून सुटा अंक मागवायचा तर टपालखर्च अंकाला खाऊन टाकतो, त्यामुळे पुल लिस्ट वगैरे आपल्यासाठी नाही. महिना ५०० म्हणजे वर्षाचे ६,०००. कॉम्पॅक्ट पुस्तक ८५० च्या आसपास धरलं तर वर्षाला सात पुस्तकं होतात. सात म्हणजे कमी नाहीत, निवडून घेतली तर. मी यादी वाचते ती त्या सातांसाठी. मे महिन्यात ज्या मालिकेची नोंद आवडली तिचं नाव वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवते. पुढच्या मे महिन्यापर्यंत तिचं पुस्तक आलं आणि ते अजूनही हवंसं वाटलं तर घेते. वर्षभरात अर्ध्याहून जास्त नावांवर आपोआप काट बसते. जुन्या मालासाठी माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचा फुटपाथ आहे. तिथे गॉथम कॉमिक्स कंपनीने २००० च्या आसपास काढलेल्या मार्व्हल-डीसीच्या भारतीय आवृत्त्या अजून अधूनमधून सापडतात, शिवाय नशीब असेल तर ‘इंद्रजाल’मधला वेताळ. पण तिथे यादी नसते. बसकण मारून गठ्ठा उपसावा लागतो.

शेवटी एक विनंती ग्रंथपाल सरांना. आपल्या लायब्ररीत पुस्तक सुचवायचं रजिस्टर काउंटरवर डाव्या हाताला ठेवलेलं असतं, त्यात मी कॉम्पॅक्ट ‘वॉचमेन’ची नोंद केली आहे. चारशेहून जास्त पानं, किंमत ९.९९ डॉलर. मुलींच्या हॉस्टेलमधून अकरा सह्या खाली आहेत, मुलांच्या हॉस्टेलमधून अजून एकही नाही. रजिस्टर दुपारी साडेचारपर्यंत उघडं असतं.